मते तीच, मोजणी निराळी

नाशिक महानगरपालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत ३१ प्रभागांतून १२२ नगरसेवक निवडायचे होते. बहुतेक प्रभागांत चार जागा होत्या. अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी मतदाराने एकेक मत द्यायचे. आता समजा, प्रभागातला एकच मोठा गट चारही ठिकाणी आपल्याच उमेदवारांना मते देतो. मग चारही जागा त्यालाच मिळतील आणि उरलेल्यांच्या पदरात काहीच पडणार नाही. यावर गणिताकडे काही उपाय आहे का? वर्गातच प्रयोग करून पाहू या.

४० विद्यार्थ्यांना चौघांची सहल-समिती निवडायची आहे. उमेदवार आठ. जेवढे मान्य असतील तेवढ्या सर्वांपुढे खूण करायची. याला आपण मान्यता-मतदान म्हणू. २८ जणांनी पांडवलेण्यांना जाऊ इच्छिणाऱ्या चौघांपुढे खूण केली, तर १२ जणांनी गंगापूर धरणावर जाऊ इच्छिणाऱ्या चौघांपुढे. साधी बेरीज केली तर चारही जागा लेणीवाल्यांना!

डेन्मार्कचे खगोलशास्त्रज्ञ थीले यांनी १८९५ मध्ये वेगळी मोजणी सुचवली. मतदाराच्या पसंतीचा एक उमेदवार निवडून आला तर त्याचे समाधान १, दोन आले तर १ + १/२, तीन आले तर १ + १/२ + १/३. सर्वांच्या समाधानाची बेरीज जास्तीत जास्त करणारी समिती निवडायची. आपल्या उदाहरणात चारही लेणीवाले घेतले तर बेरीज ५८ १/३ येते. तीन लेणीवाले आणि एक धरणवाला घेतला तर ६३ १/३. म्हणजे १२ जणांनाही एक प्रतिनिधी मिळाला.

पण या न्यायाला किंमत आहे. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार आहेत, ते तपासता येतील. ४० उमेदवारांतून १० निवडायचे तर ८४ कोटींहून अधिक! कितीही उमेदवार असले तरी झटपट आणि नेहमी अचूक उत्तर देणारी रीत अजून कोणाला सापडलेली नाही. म्हणून एकेक जागा भरत जाण्याची सोपी वाट वापरतात. तिने मिळालेली बेरीज सर्वोत्तम बेरजेच्या ६३ टक्क्यांखाली कधीच जात नाही. मात्र समिती मोठी असली तर लहान गटाला त्याची जागा मिळेलच, अशी हमी या वाटेवर राहत नाही.

आता विद्यार्थ्यांना विचारा: १२ ऐवजी ९ धरणवाले असते तर? आणि ८ असते तर?