ट्रक-कँपर

पिक-अप ट्रकाच्या मागील उघड्या हौद्यात सरकवून बसविता येणारा व प्रवास संपल्यावर उतरवून ठेवता येणारा सुटा निवासकक्ष. यात बिछाना, शेगडी, प्रशीतक, पाण्याची टाकी, इंधनवायूचे सिलिंडर आणि कित्येकदा शौचकूपही असतो. वाहनामागे ओढून न्यावयाच्या फिरत्या घरास स्वतःची चाके असतात, तशी कँपरला नसतात. त्यामुळे त्याचे सर्व वजन ट्रकाचा सांगाडा, आस, कमानी व टायर यांवर येते. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर, कँपरचा प्रसार झाला. अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक यांनी १९६० साली अशाच वाहनातून देशाचा प्रवास केला व त्यावरील ट्रॅव्हल्स विथ चार्ली हा त्यांचा ग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘रोसिनान्टे’ असे नाव दिलेले त्यांचे वाहन कॅलिफोर्निया राज्यातील सलीनस येथील नॅशनल स्टाइनबेक सेंटरमध्ये जतन करण्यात आले आहे.

कँपर हौद्यात मावला म्हणजे तो ट्रकास पेलेलच असे नाही. हौद्याची लांबी-रुंदी व ट्रकाची भारक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी असून दुसरीचा निर्णय प्रत्यक्ष वजनावरूनच करावा लागतो.

भारमर्यादा : अमेरिकेत १९६६ च्या राष्ट्रीय वाहतूक व मोटार वाहन सुरक्षा अधिनियमाखाली प्रत्येक वाहनावर उत्पादकाची प्रमाणन-पाटी लावावी लागते. ट्रकात ती सामान्यतः चालकाच्या दाराच्या चौकटीवर आढळते. तीवर दोन प्रकारच्या मर्यादा दिलेल्या असतात. जीव्हीडब्ल्यूआर या आद्याक्षरांनी दर्शविलेली पहिली मर्यादा म्हणजे वाहन, इंधन, प्रवासी व माल यांचे मिळून अनुज्ञेय असलेले कमाल वजन होय. जीएडब्ल्यूआर ही दुसरी मर्यादा पुढील व मागील आसांसाठी स्वतंत्रपणे दिलेली असते. दोन्ही आसांच्या मर्यादांची बेरीज पुष्कळदा एकूण मर्यादेपेक्षा अधिक भरते. म्हणून एक मर्यादा पाळली की दुसरी आपोआप पाळली जाते, असे मानता येत नाही. ट्रकामागे आणखी एखादे वाहन ओढावयाचे असल्यास ट्रक व ते वाहन यांच्या एकत्रित वजनाची तिसरी मर्यादाही पहावी लागते.

अर्धा टन, पाऊण टन व एक टन ही ट्रकांची प्रचलित नावे या बाबतीत दिशाभूल करणारी आहेत. अमेरिकन टन ९०७ किग्रॅ.चा असल्याने या नावांचा मूळ अर्थ अनुक्रमे सु. ४५४, ६८० व ९०७ किग्रॅ. माल असा होतो. आधुनिक ट्रकांची क्षमता सामान्यतः याहून जास्त असते आणि एकाच नावाच्या दोन ट्रकांतही एंजिन, आसनकक्षाचा आकार, चारचाकी चालना इत्यादींमुळे ती शेकडो किग्रॅ.नी भिन्न असू शकते.

कँपरचे वजन : जाहिरातीत बहुधा कँपरचे रिकामे वजन दिलेले असते. प्रवासास निघताना त्यात पाणी (दर लिटरला १ किग्रॅ.), वायू, अन्न, कपडे, भांडी व जादा विद्युत् घटमाला यांची भर पडते. म्हणून अमेरिकन नियमांनुसार उत्पादकाने कँपरवर कायमची पाटी लावून, प्रमाणित साहित्य व निर्दिष्ट प्रमाणात पाणी आणि वायू भरलेला असताना त्याचे वजन किती होते हे नमूद करावयाचे असते. ऐच्छिक साहित्याचे व प्रवाशांच्या सामानाचे वजन मात्र त्यात धरलेले नसते.

उदाहरणार्थ, एका ट्रकाची एकूण मर्यादा ४,५३६ किग्रॅ. आहे आणि पूर्ण इंधन व दोन प्रवासी यांसह त्याचे वजन ३,१५० किग्रॅ. (पुढील आसावर १,८५०, मागील आसावर १,३००) भरते असे समजू. म्हणजे १,३८६ किग्रॅ. क्षमता शिल्लक राहते. कँपरचे रिकामे वजन ९५० किग्रॅ. असल्यास ४३६ किग्रॅ.चा अवसर आहे असे वाटते. तथापि १५० लि. पाणी आणि वायू वगैरेंचे ५० किग्रॅ. धरता वजन १,१५० किग्रॅ. होते. सामान व जादा उपकरणे यांचे २५० किग्रॅ. मिळविल्यास ते १,४०० किग्रॅ. होऊन मर्यादा १४ किग्रॅ.नी ओलांडली जाते. पाण्याची टाकी निम्मी ठेवल्यास ७५ किग्रॅ. कमी होऊन भार मर्यादेत येतो.

गुरुत्वमध्य : भार किती यापेक्षा तो कोठे आहे याचे महत्त्व कमी नाही. कँपर व सामान यांचा एकत्रित गुरुत्वमध्य मागील आसाच्या पुढे पडणे आवश्यक असते. अमेरिकन नियमांनुसार ट्रकाच्या उत्पादकाने मालाच्या गुरुत्वमध्याचे पुढील-मागील स्थान कोणत्या सीमांत असावे हे कळवावयाचे असते. वरील उदाहरणात दोन आसांमधील अंतर ४ मी. असून गुरुत्वमध्य मागील आसाच्या ०·२ मी. पुढे असेल, तर परिबलांच्या नियमानुसार १,४०० किग्रॅ.पैकी ७० किग्रॅ. पुढील आसावर व १,३३० किग्रॅ. मागील आसावर येतात. तोच गुरुत्वमध्य ०·३ मी. मागे गेल्यास मागील आसावर १,५०५ किग्रॅ. येतात व पुढील आसावरील भार १०५ किग्रॅ.नी उलट कमी होतो. पुढील चाके अशी हलकी झाली म्हणजे सुकाणूची पकड कमी होते, ब्रेक लावताना त्या चाकांकडून मिळणारा रोध घटतो आणि दिव्यांचे झोत वर उचलले जातात. जड वस्तू कँपरच्या मागील टोकास ठेवू नयेत याचे कारण हेच होय.

कँपरमुळे वाहनाचा गुरुत्वमध्य उंचही होतो. त्यामुळे वळणावर व आडव्या वाऱ्यात वाहन अधिक कलते. यासाठी कलरोधक दंड उपयोगी पडतो, तसेच वेग कमी ठेवावा लागतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने उतारावर ब्रेक तापण्याचा धोकाही वेगाबरोबर झपाट्याने वाढतो.

टायर : टायरच्या बाजूवर भारनिर्देशांक छापलेला असतो, निर्देशांक १२१ म्हणजे १,४५० किग्रॅ. एवढी क्षमता. अशा दोन टायरांवर मागील आसाचा भार जास्तीत जास्त २,९०० किग्रॅ. असू शकतो आणि तोही निर्दिष्ट दाबाची हवा असेल तरच. अतिभारामुळे किंवा कमी हवेमुळे टायरच्या भिंती वारंवार वाकतात, आत उष्णता निर्माण होते व शेवटी टायरचे थर सुटून तो फुटतो. मोटारगाडीसाठी बनविलेले टायर ट्रकाला वापरल्यास त्यांची क्षमता १·१० ने भागून धरतात. जड कँपरसाठी मागे चार टायर असलेले ट्रक पसंत केले जातात.

बांधणी व वजन : कँपर खाली सरकू नये म्हणून हौद्यात रबरी चटई अंथरतात आणि चार कोपऱ्यांना साखळ्या व टर्नबकल लावून तो बांधतात. हौद्याचा पत्रा पातळ असल्याने जड कँपरसाठी हे बंध सांगाड्याला जोडणे श्रेयस्कर असते. काही अंतर गेल्यावर ते पुन्हा तपासून आवळावे लागतात.

बांधणी पूर्ण झाल्यावर, प्रवासी, पाणी व सर्व सामान यांसह, वाहन वजनकाट्यावर नेऊन पुढील व मागील आसांचे भार वेगवेगळे मोजतात आणि पाटीवरील आकड्यांशी ताडून पाहतात. भार अधिक आढळल्यास पुष्कळजण जादा पाटे किंवा हवेच्या पिशव्या बसवितात. त्यांमुळे वाहनाचा खाली बसलेला मागील भाग वर येतो. परंतु आस, चाके, टायर, ब्रेक व सांगाडा पूर्वीचेच राहतात. मर्यादा या सर्वांचा विचार करून ठरविलेली असल्याने ती अशा साधनांनी वाढत नाही. उलट, वाहन सपाट दिसू लागल्याने अतिभाराची दृश्य खूण तेवढी नाहीशी होते. सामान कमी करणे, हलका कँपर निवडणे किंवा अधिक क्षमतेचा ट्रक घेणे हेच यावरील उपाय होत.