रिंगबाहेरची हार

मुष्टियुद्धावरचा सिनेमा म्हटलं, की एक ठरलेली गोष्ट डोळ्यांपुढे येते. गरीब घरातला पोरगा, त्याच्यावर भरवसा टाकणारा म्हातारा गुरू, शेवटच्या फेरीत रक्तबंबाळ तोंडानं पुन्हा उभा राहणारा नायक आणि टाळ्यांचा कडकडाट. १९७६ साली आलेल्या 'रॉकी'नं ही गोष्ट जगभर नेली. चारच वर्षांनी, १९८० मध्ये, त्याच निर्मात्यांनी मुष्टियोद्ध्यावरचाच आणखी एक चित्रपट काढला. त्याचं नाव 'रेजिंग बुल', म्हणजे चवताळलेला बैल. या चित्रपटातला नायक जगज्जेता होतो, पण प्रेक्षकाला टाळी वाजवावीशी वाटत नाही. असं का होतं, ते आज पाहू.

ही गोष्ट खऱ्या माणसाची आहे. जेक ला मोटा हा न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात वाढलेला, इटालियन वंशाचा मिडलवेट गटातला बॉक्सर. ठोसे खाण्याची त्याची ताकद विलक्षण होती. शुगर रे रॉबिन्सन या महान खेळाडूशी तो सहा वेळा लढला. जिंकला एकदाच, १९४३ मध्ये. पण व्यावसायिक रॉबिन्सनचा तो पहिला पराभव होता. गुणवत्ता असूनही जगज्जेतेपदाची लढत मात्र ला मोटाला मिळेना, कारण त्या काळी या खेळावर गुंडांच्या टोळ्यांची पकड होती. अखेर १९४७ मध्ये बिली फॉक्सशी झालेली लढत तो मुद्दाम हरला. पुढे १९६० मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे त्यानं तशी कबुली दिली. १९४९ मध्ये फ्रान्सच्या मार्सेल सर्दाँला हरवून तो जगज्जेता झाला आणि १९५१ मध्ये रॉबिन्सननंच त्याच्याकडून किताब काढून घेतला.

ला मोटाचं आत्मचरित्र वाचून अभिनेता रॉबर्ट डी नीरो झपाटला. त्यानं ते दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या हाती दिलं. स्कॉर्सेसींना ना मुष्टियुद्धात रस होता, ना त्या माणसात. मग १९७८ मध्ये ते स्वतःच मरणाच्या दारात पोचले. बेफाम जगण्यानं शरीर पार खचलं होतं. डी नीरो इस्पितळात भेटायला गेला आणि त्यानं पुन्हा तोच विषय काढला. स्वतःचा नाश स्वतःच्या हातानं करणारा माणूस म्हणजे काय, हे आता स्कॉर्सेसींना वेगळं सांगावं लागणार नव्हतं. ते तयार झाले.

पडद्यावर लढतींना मिळून जेमतेम दहा-पंधरा मिनिटं आहेत. उरलेला जवळजवळ दोन तासांचा वेळ घरात, जिन्यात, स्वयंपाकघरात जातो. सुरुवातीलाच मांसाचा तुकडा जास्त भाजला म्हणून जेक पहिल्या बायकोसमोरचं टेबल उलथून टाकतो. दुसरी बायको विकी हिच्यावर त्याचं प्रेम आहे, पण त्या प्रेमाला संशयाची वाळवी लागली आहे. जानिरो नावाचा बॉक्सर दिसायला छान आहे, एवढं ती सहज बोलून जाते. जेकच्या डोक्यात ते वाक्य घर करतं आणि पुढच्या लढतीत तो त्या पोराच्या चेहऱ्याचा अक्षरशः चेंदामेंदा करतो. बाहेरच्या लोकांसाठी ती एक जिंकलेली लढत असते. विकीला मात्र त्या ठोशांचा खरा पत्ता कळलेला असतो.

पुढे तर टीव्ही दुरुस्त करता करता तो सख्ख्या भावाला, जोईला, भलताच प्रश्न विचारतो. पुरावा काहीच नसतो. संशयी माणसाला पुरावा लागत नाही, उत्तरही लागत नाही. काही वेळातच तो जोईच्या घरात घुसून, जेवायला बसलेल्या त्याच्या बायकामुलांदेखत त्याला बदडून काढतो. त्याच्यासाठी आयुष्यभर धावाधाव करणारा एकुलता एक माणूस तिथे तुटतो.

घरातलं हे वादळ रिंगमध्ये कसं दिसावं, याचा विचार फार बारकाईनं केला आहे. छायालेखक मायकेल चॅपमन यांचा कॅमेरा प्रेक्षकांत बसत नाही, तो दोरांच्या आत शिरतो. रिंगचा आकारही सगळीकडे सारखा नाही. जेकची मनःस्थिती जशी, तशी ती कधी मोकळी वाटते, कधी कोंडणारी. ठोशांच्या आवाजात जनावरांचे आवाज मिसळलेले आहेत, आणि ऐन मोक्याच्या क्षणी सगळे आवाज थांबून भयाण शांतता पसरते. चित्रपट कृष्णधवल आहे. रंग दिसतात ते फक्त लग्नाच्या आणि मुलाबाळांच्या घरगुती फिल्ममध्ये. जे सुख या माणसाला टिकवता आलं नाही, तेवढंच रंगीत! थेल्मा स्कूनमेकर यांना संकलनासाठी ऑस्कर मिळालं ते उगाच नाही.

दुसरं ऑस्कर डी नीरोला मिळालं. तरुण बॉक्सरसाठी तो खुद्द ला मोटाकडून मुष्टियुद्ध शिकला आणि उतारवयातल्या सुटलेल्या जेकसाठी चित्रीकरण काही महिने थांबवून त्यानं जवळपास २७ किलो वजन वाढवलं. याची चर्चा फार झाली. पण ते शरीर महत्त्वाचं ठरतं ते एका प्रसंगामुळे. १९५७ मध्ये एका अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात जेकला अटक होते. लाच द्यायला पैसे हवेत म्हणून तो जगज्जेतेपदाच्या पट्ट्यातली रत्नं हातोडीनं उचकटून काढतो. जवाहिरा सांगतो, अख्खा पट्टा आणला असता तर मोल होतं! मग कोठडीत तो भिंतीवर डोकं आणि मुठी आपटत, आपण जनावर नाही म्हणून आक्रोश करतो. जन्मभर समोरच्याला मारत आलेल्या त्या हातांना आता भिंतीखेरीज कुणी उरलेलं नाही.

शेवटी क्लबमध्ये विनोद सांगून पोट भरणारा जेक आरशासमोर बसून 'ऑन द वॉटरफ्रंट' या १९५४ सालच्या चित्रपटातले संवाद घोकतो. त्यातला बॉक्सर आपल्या बरबादीचा दोष भावाला देतो. जेकच्या समोर मात्र भाऊ नाही, फक्त आरसा आहे. त्याला पश्चात्ताप झाला का? चित्रपट सांगत नाही, आणि त्याच्या वतीनं माफीही मागत नाही.

१९८० मध्ये या चित्रपटाला गर्दी झाली नाही. पुढे १९९० मध्ये, दहा वर्षांची अट पुरी होताच, अमेरिकेनं तो जतन करण्याच्या राष्ट्रीय यादीत घेतला. ला मोटा २०१७ पर्यंत जगला. चित्रपट पाहून आपण खरंच इतके वाईट होतो का, असं त्यानं विकीला विचारलं, आणि त्याहून वाईट होतास, असं ती म्हणाली, अशी आठवण सांगतात. घरातल्या माणसाचा मूड पाहून ज्यांना ताट वाढावं लागतं, त्यांना हे उत्तर समजावून सांगायला नको. रिंगमधल्या लढतीला निदान पंच असतो आणि फेरी संपल्याची घंटा असते. घरातल्या लढतीला यांतलं काहीच नसतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)