खेळ उरतो, गडी पांगतात

आज चाळिशीच्या आसपास असलेल्या आणि महाराष्ट्राच्या शहरांत किंवा तालुक्याच्या गावी वाढलेल्या पिढीच्या तोंडून एक तक्रार अलीकडे वारंवार ऐकू येते. लहानपणी ज्या यंत्रासाठी वडिलांकडे महिनोन्‌महिने रदबदली करावी लागली, आणि वार्षिक परीक्षेच्या टक्केवारीची अट घालून ज्याची मंजुरी मिळाली किंवा मिळालीच नाही, त्याहून शतपटीने समर्थ असे यंत्र आता स्वतःच्या पगारातून विनासायास घेता येते. ते घेतले जाते, दोन-तीन रविवार त्याचे कोडकौतुकही होते. परंतु त्यानंतर टीव्हीखालच्या फळीवर ते धूळ खात पडते, आणि त्याचा धनी, जो एके काळी व्हिडिओ गेमपायी भरल्या ताटावरून अर्धपोटी उठत असे, तो आता खेळांची यादी वरखाली चाळून अखेर एकही खेळ न उघडता झोपायला जातो. घरातील वडीलधारी मंडळी या स्थित्यंतराचा अर्थ ‘अखेर अक्कल आली’ असा लावतात, आणि मोबाइलवर मानसशास्त्राचे ज्ञान वाटणारे उपदेशक त्यात नैराश्याची चाहूल पाहतात. माझ्या मते हे दोन्ही निवाडे घाईचे आहेत. नवलाई, सलग फुरसत आणि सोबत या तीन आधारांवर खेळाची आवड उभी असते; वय वाढते तसे ते एकेक करून निसटतात, आणि त्यांतील शेवटच्या आधाराकडे सहसा कोणाचे लक्षच जात नाही.

या पिढीचा व्हिडिओ गेमशी परिचय कसा झाला, हे येथे थोडे सांगितले पाहिजे. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र जपानच्या बाजारात आणले. त्याच्या नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडील लहानमोठ्या शहरांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत पोहोचल्या. त्यांत घालावयाच्या कॅसेटींवर शेकडो, प्रसंगी हजारो खेळ असल्याची ग्वाही छापलेली असे, आणि प्रत्यक्षात त्याच पाचपंचवीस खेळांची नावे फिरवून यादी लांबवलेली असे. पण या फसवणुकीची फिर्याद करावी असे कोणास वाटले नाही, कारण ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ हे दोन खेळ असले की बाकीच्या यादीची पर्वा कोण करतो! ज्यांच्या घरी यंत्र नव्हते ते बाजारपेठेतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये जात. कॅपकॉम कंपनीचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’ हा खेळ तेथे सर्वांना तोंडपाठ होता, मात्र या नावाने तो कोणी ओळखत नसे; त्यातील चार पात्रांपैकी एकाच्या नावावरून आपल्याकडच्या मुलांनी त्याचे ‘मुस्तफा’ असे बारसे परस्पर उरकून टाकले होते. एका यंत्रापुढे तिघांनी खांद्याला खांदा लावून तो खेळायचा, आणि ज्यांच्या खिशात नाणे नाही त्यांनी मागे उभे राहून सल्ले द्यायचे, असा तेथला रिवाज होता.

नवलाईचा आधार सर्वांत आधी सुटतो. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या १९८५ सालच्या खेळाचा आरंभ आठवून पाहावा. डावीकडे मारिओ उभा, उजवीकडे मोकळी जागा, आणि काही क्षणांत समोरून चालत येणारा तपकिरी शत्रू; त्याला धडकलो तर आपण मरतो आणि त्याच्यावर उडी मारली तर तो मरतो, हा धडा अक्षरओळख नसलेले मूलसुद्धा दोन-तीनदा मरून आपला आपण शिकते. या खेळाचे रचनाकार शिगेरू मियामोतो यांच्या कौशल्याचे मर्म यात आहे. राफ कोस्टर या अमेरिकन खेळ-रचनाकाराने २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात असे प्रतिपादन केले की, खेळातील आनंद हा वस्तुतः शिकण्याचाच आनंद असून, खेळामागचा आकृतिबंध उमगत जातो तोवर त्याची गोडी टिकते आणि तो पुरता उमगला की कंटाळा सुरू होतो. हे मान्य केले तर आपली चाळिशीतील अनास्था फारशी गूढ राहत नाही. ज्याने पंचवीस वर्षांत बंदुकीचे वीस-पंचवीस खेळ पालथे घातले आहेत, त्याला कुलूपबंद दार दिसताक्षणी किल्ली कोणत्या बाजूला असेल हे कळते, आणि वाटेत औषधाच्या व काडतुसांच्या पेट्या संशयास्पद औदार्याने मांडून ठेवलेल्या दिसल्या की पुढच्या दालनात मोठा शत्रू बसला आहे हे तो न पाहताच सांगू शकतो. खेळ नवा असतो, चित्रे पूर्वीपेक्षा शतगुणित सुंदर असतात, पण धडा जुनाच असतो.

मेंदूच्या शास्त्रातही याला पूरक असा एक सुप्रसिद्ध प्रयोग आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामीन स्रवणाऱ्या पेशींचे निरीक्षण केले, तेव्हा असे आढळले की अनपेक्षितपणे फळांचा रस तोंडी पडला म्हणजे त्या पेशी चेततात. परंतु विशिष्ट संकेतामागून रस हमखास मिळतो हे माकडाला एकदा कळून चुकले, की त्या संकेतालाच प्रतिसाद देतात आणि प्रत्यक्ष रसाच्या वेळी स्वस्थ राहतात. १९९७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात या निरीक्षणांची उपपत्ती मांडली गेली. माकडापासून माणसापर्यंत आणि रसापासून ‘लेव्हल’पर्यंत उडी मारताना सावधगिरी बाळगली पाहिजे, हे मी जाणतो, तरीही अपेक्षित बक्षिसाचा आनंद फिका पडतो, एवढे अनुमान त्यातून काढण्यास प्रत्यवाय नसावा.

हाताची चपळाई ओसरते हेही कारण पुष्कळदा सांगितले जाते, आणि ते असत्य नाही. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी १६ ते ४४ वर्षे वयाच्या ३,३०५ खेळाडूंच्या ‘स्टारक्राफ्ट २’ या खेळातील हालचाली तपासल्या, तेव्हा प्रतिसादाचा वेग वयाच्या २४व्या वर्षापासूनच मंदावू लागतो असे त्यांना दिसले. त्यांचा निबंध २०१४ साली प्रसिद्ध झाला. परंतु वडील खेळाडू आडवाटा आणि सोप्या चाली वापरून ही तूट बऱ्याच अंशी भरून काढतात, हेही त्याच निबंधात नमूद आहे. शिवाय नजर अधू झाली म्हणून कॅरम सोडून दिलेला पेन्शनर माझ्या तरी पाहण्यात नाही. बोटांवर या प्रकरणाची सगळी जबाबदारी टाकता येणार नाही.

वेळेविषयी मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रौढ माणसाला वेळ नसतो असे आपण म्हणतो, आणि तोच माणूस रात्री दीड तास मोबाइलवर चित्रफिती पाहत असतो. त्याच्याजवळ वेळ असतो, पण तो तुकड्यातुकड्यांनी आलेला, कोणत्याही क्षणी परत मागितला जाईल असा, जणू उसनवारीचा असतो. योहान हायझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ सालच्या आपल्या ग्रंथात क्रीडेचे जे लक्षण सांगितले, त्यात नित्याच्या व्यवहारापासून स्थळकाळाने तोडलेले एक स्वतंत्र वर्तुळ त्याने गृहीत धरले आहे. मे महिन्याच्या सुट्टीतील दुपार हे असे वर्तुळ आपोआप आखून देत असे. नळाला पाणी येण्याची वेळ, मुलाचा गृहपाठ आणि कचेरीतून कधीही येणारा फोन यांच्या कचाट्यात ते आखता येत नाही. त्यातच खेळ मात्र लांबत गेले. ‘द विचर ३’ (२०१५) किंवा ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८) यांची केवळ मुख्य कथा पुरी करायची तरी पन्नासएक तास लागतात. तीन आठवड्यांच्या खंडानंतर असा खेळ पुन्हा उघडला की कोणते बटण कशाचे, आपण कोणत्या कामगिरीवर निघालो होतो आणि हा घोड्यावरचा इसम आपला मित्र की वैरी, हेच आठवत नाही.

फुरसतीचा हा तुटवडा सर्वांच्या वाट्याला सारखा आलेला नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनावेतन घरकाम करणाऱ्यांमध्ये स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात आणि पुरुषांची ९७. लहानपणी भावाच्या हातून रिमोट मिळण्याची वाट पाहिलेल्या मुलीला मोठेपणीही खेळ मिळतो तो लोकलच्या महिला डब्यात, दोन स्थानकांच्या मधे; २०१२च्या ‘कँडी क्रश’सारख्या, कोठेही थांबवता येणाऱ्या खेळांनी ज्या वर्गाला आपलेसे केले त्यात तिची गणना केली पाहिजे.

परंतु नवलाई आणि फुरसत यांहूनही मोठी हानी सोबत्यांची आहे. ‘कॉन्ट्रा’ची तिसरी, धबधब्याची स्टेज ज्यांनी दोघांत खेळली आहे त्यांना हे फार समजावून सांगावे लागणार नाही. तेथे चढण सरळ वर असते. एक गडी घाईघाईने वर उड्या मारीत गेला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो आणि मागे राहिलेला जोडीदार पडद्याच्या खालच्या कडेखाली जाऊन विनाकारण मरतो. त्यावरून होणारी भांडणे, आरोप-प्रत्यारोप, ‘आता मी पुढे जाणार’ असे तह आणि पुढच्याच डावात त्यांचा भंग, हे सर्व मिळून तो खेळ होत असे. कंपनीने कॅसेटमध्ये भरले होते ते त्याचे निमित्तमात्र. आज तोच खेळ मोबाइलवर फुकट उतरवून एकट्याने खेळणारा गृहस्थ दहा मिनिटांत कंटाळतो आणि ‘लहानपणी यात आपल्याला काय दिसत होते’ असे पुटपुटतो. लहानपणी त्याला त्यात शेजारचा मुलगा दिसत होता. तो आता हिंजवडीत किंवा न्यू जर्सीत आहे, आणि दोघांना एकाच वेळी मोकळीक मिळायची तर लग्नाचा मुहूर्त काढण्याइतकी खटपट करावी लागते.

याचा उलट पुरावाही आपल्या डोळ्यांसमोर घडून गेला. २०२०च्या टाळेबंदीत, ज्यांनी वर्षानुवर्षे कोणत्याही खेळाला हात लावला नव्हता असे पस्तिशीचे गृहस्थ रात्री जेवणे आटोपली की कानांत इयरफोन अडकवून ‘पब्जी’च्या रणांगणात उतरू लागले. त्यांचे नेम चुकत, पोरसवदा खेळाडू त्यांना पहिल्या दोन मिनिटांत गारद करीत, तरी ते पुन्हा उतरत. कारण विमानातून उडी मारण्यापूर्वीच्या आणि झुडपात दडून बसण्याच्या त्या रिकाम्या मिनिटांत शाळेतले सोबती गृहकर्जाच्या हप्त्यांविषयी, आईच्या गुडघेदुखीविषयी बोलत असत. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी त्या ॲपवर बंदी घातली, आणि पुढे कचेऱ्याही सुरू झाल्या. तेव्हा या मंडळींपैकी पुष्कळांनी दुसरा खेळ शोधण्याचे कष्ट घेतले नाहीत. आवड मेली म्हणावे, तर हाक आल्याबरोबर ती उठून कशी बसली असती?

खेळ विकणाऱ्यांना ही ओहोटी दिसत नाही असे नाही. पण तिच्यावर त्यांनी शोधलेला उपाय रोगापेक्षा जाचक आहे. २००९ साली आलेल्या ‘फार्मव्हिल’मध्ये पेरलेले पीक ठराविक मुदतीत कापले नाही तर वाळून जाई, म्हणून लोक कचेरीतून चोरून आपल्या आभासी शेतावर जाऊन येत. तेव्हापासून ही पद्धत सर्वत्र रुजली: रोजच्या हजेरीचे बक्षीस, हजेरी चुकल्यास मालिका खंडित, हंगामाची मुदत संपण्यापूर्वी अमुक कामे पुरी करण्याचा तगादा, आणि ते न जमल्यास पैसे भरून तडजोड. दिवसभर मस्टरवर सह्या आणि मुदतवाढीचे अर्ज यांत बुडालेल्या कारकुनाने रात्री करमणूक म्हणून याच दफ्तरी पुन्हा रुजू व्हावे, अशी ही अपेक्षा. तो राजीनामा देतो यात नवल ते काय?

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. खेळाबरोबरच गाणे, जेवण, माणसे, सणवार अशा सर्वच गोष्टींतून मन उठले असेल आणि ती अवस्था आठवड्यांमागून आठवडे टिकत असेल, तर तो प्रांत डॉक्टरांचा आहे, मासिकातील लेखकांचा नाही. केवळ व्हिडिओ गेम नकोसे झाले म्हणून कोणी स्वतःस रोगी ठरवू नये. उलट टोकाची, म्हणजे खेळावरचा ताबाच सुटण्याची अवस्था जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगांच्या वर्गीकरणात विकार म्हणून दाखल करून घेतली आहे. खेळ सोडणाऱ्यावर असा शिक्का कोणी मारलेला नाही.

आणि सर्वच जण सोडतात असेही नाही. अमेरिकेत खेळणाऱ्यांचे सरासरी वय आता तिशीच्या घरात गेलेले आहे. वयाबरोबर निवड तेवढी पालटते: धावपळीच्या खेळांऐवजी पाळीपाळीने चाल करण्याचे, कोड्यांचे, कधीही थांबवता येणारे खेळ पसंत पडू लागतात. छोट्या खेळांकडेही ओढा वाढतो, आणि असे खेळ आपल्याकडेही घडत आहेत. पुण्याच्या ‘नोडिंग हेड्स गेम्स’ने २०२० साली काढलेला ‘राजी’ हा खेळ पाहावा: असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी, भारतीय वास्तुशिल्पाच्या धर्तीवर उभे केलेले महाल, आणि सारी कथा पाच-सहा तासांत समाप्त. दोन रविवारांत पुरा होणारा असा खेळ हाती लागला, की आपले हे चाळिशीतील गृहस्थ तो मुकाट्याने शेवटपर्यंत नेतात, भावंडांच्या गटावर त्याचे कौतुक कळवतात, आणि तिसऱ्या रविवारी पिशवी घेऊन मंडईत जातात.