ग्रंथप्रसिद्धी
नव्या ग्रंथाची यथार्थ माहिती त्याच्या संभाव्य वाचकापर्यंत वेळेवर पोहोचविण्याचे कार्य म्हणजे ग्रंथप्रसिद्धी. हे कार्य करणारा तो ग्रंथप्रसिद्धिकार. मराठीतील बहुतेक प्रकाशनसंस्था लहान असल्याने हे काम बहुधा प्रकाशक स्वतःच करतो. मोठ्या संस्थांत त्यासाठी स्वतंत्र व्यक्ती नेमतात.

प्रसिद्धिकाराचे काम ग्रंथ छापून होण्यापूर्वीच सुरू होते. हस्तलिखित वाचून ग्रंथ कोणासाठी आहे हे तो ठरवितो. परिचयपत्रक व मलपृष्ठावरील मजकूर लिहितो. वृत्तपत्रे व नियतकालिके यांच्याकडे अभिप्रायार्थ प्रती धाडतो. प्रकाशनसमारंभ, लेखक-वाचक भेटी, ग्रंथप्रदर्शने व प्रकाशनपूर्व सवलत ही त्याची इतर साधने होत. अलीकडे समाजमाध्यमांचीही त्यांत भर पडली आहे.

मोठ्या ग्रंथप्रकल्पासाठी वाचक आधीच जोडण्याचे ठळक उदाहरण विदर्भातच घडले. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी नागपूर येथे मर्यादित कंपनी स्थापून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाची उभारणी सुरू केली; पुढे हे कार्य पुण्यास हलविण्यात आले व १९२०–२९ या काळात त्याचे २३ खंड निघाले. पुढील काळात केशवराव कोठावळे यांनी १९६४ मध्ये सुरू केलेल्या ललित मासिकाने नव्या ग्रंथांच्या माहितीस हक्काचे स्थान दिले, तर १९७४ मध्ये स्थापन झालेल्या ‘ग्रंथाली’ने ग्रंथप्रसाराला वाचकचळवळीचे रूप दिले.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात या कार्याचे स्वरूप पालटते. १३,५८२ चौ. किमी. क्षेत्राच्या या जिल्ह्यात पुसद, वणी, उमरखेड, पांढरकवडा ही गावे परस्परांपासून दूर आहेत. मराठीबरोबरच गोंडी, कोलामी व बंजारा या भाषाही येथे बोलल्या जातात. पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांत आलेली जाहिरात येथे पुरेशी ठरत नाही. ग्रंथ वाचकाच्या हाती पडतो तो मुख्यतः सार्वजनिक ग्रंथालय, शाळा-महाविद्यालय व प्रदर्शन यांच्याद्वारे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये मान्यताप्राप्त ग्रंथालयांना शासकीय अनुदान मिळते. पण लहान ग्रंथालयाची खरेदीची रक्कम तुटपुंजी असते. अवास्तव स्तुतीला भुलून घेतलेली पुस्तके कपाटातच राहिली, तर त्या गावच्या वाचकाला पुढील खरेदीपर्यंत थांबावे लागते. म्हणून ग्रंथपालाचा विश्वास हेच प्रसिद्धिकाराचे खरे भांडवल होय.

साहित्य संमेलनातील ग्रंथप्रदर्शन ही प्रसिद्धीची मोठी संधी असते. यवतमाळ येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले : १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर यांच्या व जानेवारी २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली. दुसऱ्या संमेलनापूर्वी नयनतारा सहगल यांना उद्‌घाटनासाठी दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले. अनेक साहित्यिकांनी निषेध म्हणून संमेलनाकडे पाठ फिरविली. सहगल यांचे न झालेले भाषण वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले व त्यावर सर्वत्र चर्चा झाली. उद्‌घाटन जिल्ह्यातीलच एका आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील वैशाली येडे यांनी केले. प्रसिद्धीची दिशा आयोजकांच्या हाती राहत नाही, हे या प्रसंगातून दिसते.

मात्र गाजणे व वाचले जाणे या भिन्न गोष्टी आहेत. गाजलेले नाव वाचकाला ग्रंथाच्या दुकानापर्यंत किंवा ग्रंथालयापर्यंत आणू शकते; ग्रंथ त्याच्या हाती पडला आणि त्याने तो वाचला, तरच प्रसिद्धिकाराचे कार्य पुरे होते.