धनुष्यबाणाच्या गोष्टी मुलांनीं वाचाव्या काय?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरीं एक खटला चालला. आरोपी अकरा वर्षांचा नातू. फिर्यादी त्याची धाकटी काकू. आणि जन्मभर मास्तरकी केली या सबबीवर न्यायाधीशाची जागा मजकडे आली. मुलानें विल्यम टेलची गोष्ट वाचली होती. बांबूची कामटी वांकवून, तिला सुतळी ताणून, तुरीच्या काडीस टोंक काढून त्यानें धनुष्यबाण सिद्ध केले आणि सात वर्षांच्या चुलतभावाच्या डोक्यावर कैरी ठेवून नेम धरला. बाण कैरीस न लागतां पोराच्या भुवईस लागला. डोळा वांचला तो अर्ध्या बोटानें.

त्याच रात्रीं घरांतलीं साहसाचीं सारीं पुस्तकें पेटींत घालून माळ्यावर गेलीं. असलें वाङ्मय घरांत नकोच, हें धाकट्या सूनबाईंचें म्हणणें. जिनें आपल्या मुलाच्या भुवईवरचें रक्त नुकतेंच पुसलें आहे, तिच्याशीं वाङ्मयचर्चा करणें शोभत नाहीं, म्हणून मी गप्प राहिलों. परंतु आरोपीचें म्हणणें ऐकल्यावांचून निकाल देणें हेंही न्यायाचें नव्हे. चार दिवसांनीं पेटी खालीं आणविली आणि एकेक पुस्तक वाचूं लागलों.

टेलची गोष्ट अवघी चार पानांची निघाली. बाण सुटतो, सफरचंद पडतें, लोक टाळ्या वाजवितात. तो बाप स्वखुशीनें नेम धरीत नाहीं, जुलमी अधिकाऱ्याच्या सक्तीनें धरतो, आणि मुलास कांहीं झालेंच तर त्या अधिकाऱ्यासाठीं दुसरा बाण जवळ लपवून ठेवतो, हा कथेचा खरा गाभा. संक्षेप करणाऱ्यानें तो एका ओळींत उरकला होता. पराक्रम तेवढा ठेवला आणि भय गाळलें. असल्या संक्षिप्त आवृत्त्यांवर माझा जुना राग आहे, तो येथें पुनः उफाळून आला.

त्याच पेटींत एक इंग्रजी पुस्तक होतें : गॅरी पॉलसन या अमेरिकन लेखकाचें ‘हॅचेट’, १९८७ सालीं प्रसिद्ध झालेलें. शब्दकोश जवळ घेऊन मीं तें तीन दिवसांत संपविलें. तेरा वर्षांचा एक मुलगा लहानशा विमानांतून जात असतां वैमानिकाचें हृदय बंद पडतें आणि मुलगा कॅनडाच्या अरण्यांत एकटा उरतो. जवळ एक लहान कुऱ्हाड, बस्स. कुऱ्हाड दगडावर आपटून ठिणगी पडते, पण ती धरावयास योग्य असें कांहीं मिळेपर्यंत त्याचे कितीतरी प्रयत्न फुकट जातात. शेवटीं भूर्जवृक्षाच्या सालीचे बारीक तंतू कामास येतात. पुढें तो धनुष्य करावयास घेतो, तों पहिलेंच धनुष्य ताणतांना फुटतें आणि त्याच्या चिपा डोळ्यांच्या किंचित् वर कपाळांत रुततात. हें वाचून मीं पुस्तक खालीं ठेवलें व नातवास हांक मारली. “हें पान वाचलें होतेंस काय?” तो म्हणाला, “नाहीं आजोबा, इंग्रजी अवघड वाटलें म्हणून सोडून दिलें.”

मासे मारण्याचा प्रसंग तर शाळेंत शिकविण्यासारखा आहे. मुलगा माशावर नेम धरतो आणि दरवेळीं चुकतो. मग त्यास आठवतें कीं पाण्यांत प्रकाशकिरण वांकतात. मासा दिसतो तेथें नसतो, त्याच्या खालीं असतो. पाण्यांत तिरपी धरलेली काठी मोडल्यासारखी दिसते हा पाठ मीं वर्षानुवर्षें फळ्यावर आकृति काढून शिकविला. पण त्या पाठावर कोणाचें जेवण अवलंबून आहे असें एकाही मुलास कधीं वाटलें नाहीं.

आमच्या पूर्वजांनींही हा विषय पोरखेळ मानला नव्हता. अग्निपुराणांत धनुर्वेदाचें प्रकरण आहे. त्यांत बाण सोडण्याच्या आधीं उभें कसें राहावें हें येतें : समपद, वैशाख, मंडल, आलीढ, प्रत्यालीढ. पाय स्थिर झाल्याखेरीज हाताची गोष्ट नाहीं. आणि लक्ष्य न पाहतां बाण सोडल्यास काय होतें, हें वाल्मीकींनीं सांगून ठेवलें आहे. अंधारांत घागर भरल्याचा आवाज ऐकून दशरथास हत्ती वाटला आणि शब्दवेधी बाणानें एक तपस्वीपुत्र मेला. रामाच्या वियोगानें मरणाच्या दारीं आल्यावर राजानें ही गोष्ट कौसल्येस सांगितली. नातवास मीं ही कथा त्या दिवशीं मुळांतून वाचून दाखविली. तो बराच वेळ बोलला नाहीं.

एकलव्याची गोष्ट त्यानें आपण होऊन काढली. अंगठा गेल्यावर तो बाण मारीत असे काय? मारीत असे, असें महाभारत सांगतें. उरलेल्या बोटांनीं मारी, मात्र पूर्वींचा वेग राहिला नाहीं. येथें मला नवी माहिती कळली ती अशी कीं आजच्या ऑलिंपिकमधील धनुर्धर सामान्यतः पहिल्या तीन बोटांनींच दोरी ओढतात, अंगठा दोरीस लावीतच नाहींत!

आतां आमच्या बुलढाण्याकडे वळूं. प्रथमेश जवकार हा येथलाच मुलगा. २०२३ च्या मे महिन्यांत शांघाय येथील विश्वचषक स्पर्धेंत त्यानें नेदरलंडच्या माइक श्लोसर या नामांकित धनुर्धरास १४९ विरुद्ध १४८ असें हरविलें. पंधरा बाण, प्रत्येकीं दहा गुण, म्हणजे त्याचा एकूण एकच गुण गेला. लक्ष्य पन्नास मीटरांवर आणि दहा गुणांचें वर्तुळ आठ सेंटिमीटर व्यासाचें, म्हणजे आमच्या वाटीच्या तोंडाएवढें. त्याच वर्षीं हांगझौच्या आशियाई स्पर्धेंत अभिषेक वर्मा व नागपूरचा ओजस देवतळे यांच्यासह त्यानें सांघिक सुवर्णपदकही मिळविलें. हा हिशेब मीं सूनबाईंस कागदावर मांडून दाखविला. त्या म्हणाल्या, “तो मैदानावर, शिक्षकासमोर मारतो, अंगणांत भावाच्या डोक्यावर कैरी ठेवून नव्हे.” यास उत्तर नव्हतें, आणि देण्याची गरजही नव्हती.

अरण्यासाठींही परदेशीं जावयास नको. संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या कुशींत अंबाबरवा अभयारण्य आहे, मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पास जोडलेलें. किपलिंगचा मोगली ज्या शिवनीच्या रानांत वाढला, तीही याच सातपुड्याच्या रांगेंतली. आणि २०१९ सालीं टिपेश्वरच्या रानांतून निघालेला एक तरुण वाघ शेतें, नद्या, हमरस्ते ओलांडीत, सुमारें तेराशें किलोमीटर चालून, आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत येऊन पोंचला. गळ्यांत यंत्राचा पट्टा होता म्हणून त्याचा मार्ग कळला. याहून मोठी साहसकथा कोणती हवी? ती मुलांसाठीं मराठींत लिहावयास मारुती चितमपल्लींसारखी लेखणी पाहिजे. ते २०२५ सालीं गेले. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेण्यानें आमच्या मुलांस धाडस दिलें, परंतु पळस कोणता, पांगारा कोणता, हें ओळखावयास शिकविणारें पुस्तक मुलांच्या हातीं क्वचितच पडतें. कोरकूंच्या मुलांस तें पुस्तकावांचून येतें, ही गोष्ट निराळी.

एक सूचना मात्र अशीं पुस्तकें देतांना अवश्य करावी. त्यांतला नायक भुकेपायीं पांखरें मारतो; आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानें वन्यप्राण्यांची शिकार गुन्हा आहे.

निकाल असा दिला : पेटी माळ्यावर परत जाणार नाहीं. चार पानांचा विल्यम टेल रद्द. ‘हॅचेट’ मी रोज रात्रीं जेवणें झाल्यावर मराठींत सांगावें, आणि आरोपीनें भावाजवळ बसून ऐकावें. तें बांबूचें धनुष्य सुतळी काढून माजघराच्या खुंटीवर टांगलें आहे. भुवईचा व्रण आतां फिकट झाला आहे. परवां माशांचा प्रसंग आला तेव्हां व्रणवाल्यानेंच घागरींत काठी बुडवून पाहण्याचा हट्ट धरला, आणि दिवा हातीं घेऊन उजेड दाखवावयास त्याची आई उठली.