सांडपाण्याचा प्रश्न आणि मानवनिर्मित पाणथळ

नळाला पाणी आले नाही तर आपण सारे अस्वस्थ होतो. परंतु मोरीतून गेलेले पाणी पुढे कोठे जाते, याचा विचार फार थोडे लोक करतात. मीही तो कधी केला नव्हता. काही वर्षांपूर्वी कोकणात खाडीकाठी राहणाऱ्या मावशीकडे सुट्टीत गेलो होतो. ज्या विहिरीचे पाणी लहानपणी आम्ही ओंजळीने प्यालो, तिचे पाणी आता फक्त भांडी घासण्यासाठी वापरतात, असे दिसले. कारण विचारले तेव्हा मावशी म्हणाली, "अरे, घरोघरी संडास झाले, चांगलेच झाले. पण विहीर तिथेच, टाकीही तिथेच, आणि जमीन सगळी वाळूची. घाण जाणार कुठे?"

मावशीने विचारलेला हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. मी बँकेत कारकून आहे, शिक्षण कला शाखेचे. तरीही मिळेल तसे वाचन केले. त्यातून जे समजले ते सभासद व विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहे.

किनाऱ्यावरची अडचण

सेप्टिक टँकमध्ये मैल्याचा जड भाग तळाशी बसतो आणि वरचे गढूळ पाणी शोषखड्ड्यात जाते. शोषखड्ड्याभोवतीची माती ते पाणी गाळते, अशी कल्पना असते. परंतु किनाऱ्यावर भूजल अगदी वर असते. वाळूतून पाणी झरझर वाहते आणि गाळले जाण्यापूर्वीच विहिरीत पोहोचते. भरतीच्या वेळी गटारे उलटी तुंबतात. मोठ्या शहरासारखे यांत्रिक शुद्धीकरण केंद्र उभारावे तर चाळीस-पन्नास घरांच्या वस्तीला त्याचा खर्च आणि विजेचे बिल झेपत नाही. मोठ्या शहरांची अवस्थाही फार वेगळी नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होते आणि त्यापैकी फक्त २०,२३६ दशलक्ष लिटरवर प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती. बाकीचे नद्या, खाड्या व समुद्र यांच्या वाट्याला येत होते.

पाणथळ काम कसे करते?

दलदलीतून वाहणारे पाणी बरेच स्वच्छ होऊन बाहेर पडते. निसर्गातील ही क्रिया मुद्दाम बांधलेल्या वाफ्यात घडवून आणता येते. जर्मनीतील डॉ. केटे झायडेल यांनी १९५० च्या दशकात पाणवनस्पतींच्या साहाय्याने याचे प्रयोग सुरू केले.

वस्तीसाठी सोयीची रचना अशी असते. सांडपाणी प्रथम टाकीत थांबवून त्यातील गाळ खाली बसू देतात. नंतर ते खडीच्या वाफ्यात सोडतात. वाफ्याच्या तळाला व कडांना चिकणमातीचे किंवा प्लॅस्टिकचे अस्तर असते. त्यामुळे घाण जमिनीत मुरत नाही. खडीत पाणकणीस, देवनळ, कर्दळ अशी झाडे लावतात. पाणी खडीच्या पृष्ठभागाखालून हळूहळू सरकते. वर पाणी दिसत नाही, म्हणून डासांना जागा मिळत नाही आणि दुर्गंधीही कमी राहते.

येथे पुष्कळांचा एक गैरसमज होतो. झाडे घाण शोषून घेतात असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात मुख्य काम करतात ते डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव. प्रत्येक खड्याभोवती आणि मुळांभोवती त्यांचा बुळबुळीत थर तयार होतो व घाण हेच त्यांचे अन्न असते. झाडांची मुळे त्यांना आधार देतात, वाफा मोकळा ठेवतात आणि थोडाफार प्राणवायूही पुरवतात. बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू बरेच कमी झालेले असतात, पण ते पूर्णपणे नाहीसे होत नाहीत. म्हणून हे पाणी पिण्याचे नव्हे. नारळी-पोफळीला किंवा फुलझाडांना द्यावयाचे.

आर्काटा गावाचा धडा

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तरेस हम्बोल्ट उपसागराच्या काठी आर्काटा नावाचे लहान शहर आहे. त्याचे सांडपाणी उपसागरात जात असे. १९७४ मध्ये राज्य शासनाने असे पाणी उपसागरात सोडण्यास बंदी घातली. मात्र सोडलेल्या पाण्याने उपसागराचे हितच होते असे सिद्ध करता आले, तर सवलत होती. आसपासच्या गावांसाठी एकच मोठे केंद्र आणि पाणी थेट महासागरात नेणारी लांबलचक नळवाहिनी, अशी खर्चिक योजना पुढे आली. आर्काटाच्या नागरिकांनी ती निमूटपणे मान्य केली नाही. तेथील विद्यापीठातील प्राध्यापक जॉर्ज ॲलन हे शुद्ध केलेले सांडपाणी व समुद्राचे पाणी एकत्र करून त्यात सामन मासे वाढविण्याचे प्रयोग करीतच होते. अभियांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट गिअरहार्ट यांनी पाणथळीचा पर्याय मांडला. १९७९ मध्ये लहान वाफ्यांवर प्रयोग सुरू झाले, १९८३ मध्ये शासनाची मान्यता मिळाली आणि १९८६ मध्ये योजना पूर्ण झाली.

जागा कोणती निवडली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. बंद पडलेली कचराभूमी, लाकडाच्या गिरणीचे जुने तलाव, अशी कोणालाच नको असलेली ती जागा होती. तेथे तळी व पाणथळी तयार करण्यात आल्या. तळ्यातील शेवाळ पाणथळीतील दाट झाडांच्या सावलीत मरते व तळाशी बसते, त्यामुळे पाणी निवळते. पाणथळ असली तरी जंतुनाशनाची पायरी तेथेही वगळलेली नाही. आज हा परिसर ३०७ एकरांचा असून तेथे पक्ष्यांच्या तीनशेहून अधिक जातींची नोंद झाली आहे. लोक तेथे फिरावयास जातात. १९८७ मध्ये फोर्ड फाउंडेशनचा पुरस्कारही या योजनेस मिळाला. अर्थात काळजीचे कारणही आहे. ही जागा सखल असून बांधांच्या आधाराने टिकून आहे आणि समुद्राची पातळी वाढत आहे. किनाऱ्यावरच्या कोणत्याही योजनेने हे ध्यानात ठेवले पाहिजे.

फी फी बेटाचा इशारा

२००४ च्या डिसेंबरमधील त्सुनामीने थायलंडचे फी फी बेट उद्ध्वस्त केले. त्यानंतर डेन्मार्कच्या मदतीने तेथे फूल आणि फुलपाखराच्या आकाराची सुंदर पाणथळ बांधण्यात आली. दररोज ४०० घनमीटर सांडपाणी स्वच्छ करण्याची तिची क्षमता ठरविली होती. परंतु उपाहारगृहांचे तेल व चरबी मुळाशीच अडविली गेली नाही आणि देखभाल नेमकी कोणाची, हेही स्पष्ट नव्हते. त्यामुळे अडचणी उभ्या राहिल्या. वाफा उत्तम बांधला तरी त्याला वाली नसेल तर तो चोंदतो, हा त्याचा अर्थ.

आपला हिशेब

उष्ण हवामानात अशा खडीच्या वाफ्याला, रचनेनुसार, माणशी साधारण १ ते ३ चौरस मीटर जागा लागते. ४० घरे व २०० माणसे धरली तर २०० ते ६०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे २ ते ६ गुंठे. उतार असेल तर पाणी आपोआप वाहते, वीज लागत नाही. वाफा भरतीच्या व पुराच्या पातळीपेक्षा उंच असावा. खारे पाणी शिरले तर कर्दळीसारखी झाडे करपतात. कांदळवन तोडून मात्र पाणथळ बांधू नये. ते म्हणजे मुद्दल मोडून व्याज मिळविण्यासारखे होईल.

आणि एक गोष्ट विसरून चालणार नाही. पहिल्या टाकीतील गाळ दोन-तीन वर्षांनी काढावाच लागतो. तो काढणार कोण? आजवर या प्रश्नाचे उत्तर समाजाने जातीकडे बोट दाखवून दिले. टाकीत माणूस उतरला आणि विषारी वायूने गुदमरून मेला, अशा बातम्या अजूनही वाचाव्या लागतात. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत वा गटारात उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून टाकी बांधतानाच शोषक यंत्राची गाडी तिच्यापर्यंत पोहोचेल असा रस्ता ठेवावा आणि गाळ काढण्याचा खर्च दरमहा वर्गणीतून बाजूला टाकावा. ज्या योजनेच्या अंदाजपत्रकात ही रक्कम नाही, ती योजना अपुरी आहे असे खुशाल समजावे.

मावशीच्या वाडीत अजून काही झालेले नाही. पण गेल्या खेपेस मी कागदावर आकृती काढून दाखविली. मावशी बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "कर्दळ तर आपल्या परड्यातच आहे. पण दर महिन्याला बघणार कोण, ते आधी ठरवा." जे मला पुस्तके वाचून कळले, ते तिने एका वाक्यात सांगितले. आपल्यातील विद्यार्थ्यांनी, विशेषतः अभियांत्रिकी शिकणाऱ्यांनी, या विषयाचा अभ्यास करावा आणि वडीलधाऱ्यांनी देखभालीची जबाबदारी आधी वाटून घ्यावी, एवढीच नम्र विनंती.