कनेक्शन थोडी, काम झटपट

वेबसाइटवर बटण दाबलं की मागे ॲप्लिकेशन डेटाबेसकडे धावतं. पण क्वेरी विचारण्याआधीच केवढे सोपस्कार: टीसीपीची जोडणी, टीएलएस, मग पासवर्ड. पोस्टग्रेस तर प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस सुरू करतो. मिलिसेकंदभराच्या क्वेरीसाठी एवढा खटाटोप परवडत नाही. म्हणून उघडलेली कनेक्शन पूलमध्ये राखून ठेवायची आणि आळीपाळीने वापरायची.

मग पूल मोठाच हवा ना? अजिबात नाही! ओरॅकलच्या परफॉर्मन्स टीमने एका प्रात्यक्षिकात पूल २०४८ वरून ९६ वर आणला, बाकी कशालाही हात लावला नाही. प्रतिसादाचा वेळ सुमारे १०० मिलिसेकंदांवरून २ वर आला. तवा एकच असेल तर लाटायला वीस जणी बसवून पोळ्या लवकर होत नाहीत. प्रोसेसरच्या कोरचंही तसंच. पोस्टग्रेसवाल्यांचं एक जुनं सूत्र आहे: कोरच्या दुपटीत डिस्कची संख्या मिळवा. चार कोर, एक डिस्क, कनेक्शन ९. बस्स!

जावाच्या हिकारीसीपी या पूलची डिफॉल्ट मर्यादा १०. स्प्रिंग बूटने २०१८ मध्ये, २.० आवृत्तीपासून, हाच पूल डिफॉल्ट केला. रेल्स ५ वर भागवतं. गोच्या स्टँडर्ड लायब्ररीत मात्र उघड्या कनेक्शनना मर्यादाच नाही. ती पहिल्याच दिवशी स्वतः घालावी, हे माझं ठाम मत. जँगोला पोस्टग्रेससाठी स्वतःचा पूल मिळाला तो थेट २०२४ मध्ये, ५.१ आवृत्तीत.

खरी मेख गुणाकारात आहे. पायथनच्या एसक्यूएलअल्केमीचा पूल ५ चा, गर्दीत आणखी १०, म्हणजे १५. पण हा हिशेब प्रत्येक प्रोसेसचा! सात वर्कर लावले की १०५, आणि पोस्टग्रेसची डिफॉल्ट मर्यादा १००. अशा वेळी मध्ये पीजीबाउन्सर बसवतात. स्काइपमध्ये जन्मलेला हा हलकाफुलका मध्यस्थ ट्रान्झॅक्शन मोडमध्ये व्यवहार संपताच कनेक्शन काढून पुढच्याला देतो.

आणि रात्रभर निवांत असलेली साइट सकाळी पहिल्याच ग्राहकाला एरर का दाखवते? मायएसक्यूएल ८ तास गप्प राहिलेलं कनेक्शन तोडून टाकतो. पूलला त्याचा पत्ताच नसतो. एसक्यूएलअल्केमीत ‘प्री पिंग’ चालू केलं, की कनेक्शन देण्याआधी ते जिवंत आहे का हे तपासलं जातं.